क्लेमचा एक सामना

जेवणाआधीची प्रार्थना रसेलनं म्हटली, आणि ती नेहमीपेक्षा लांबली. रॉझलिननं डोळे किलकिले करून पाहिलं. भावाचे डोळे उघडेच होते. ओठांनी तो देवाचे आभार मानत होता आणि बघत होता आईकडे.

उना पेनबर्थीनं मात्र डोळे घट्ट मिटले होते. 'आमेन' झाल्यावरही ते लगेच उघडले नाहीत. नवरा हेडली दोन वर्षांपूर्वी गेल्यापासून तिचं हे असंच होतं. सगळ्यांची प्रार्थना संपली की ती आपली एखादी ओळ मनातल्या मनात पुढे म्हणायची. म्हाताऱ्या माणसाची भक्ती, म्हणून कोणी काही विचारलं नव्हतं. आज तीच ओळ रसेलला लांबलचक वाटली.

भाजलेलं मेंढीचं मांस, बटाटे, लाल भोपळा, पुदिन्याची चटणी. चॅपेलमधून आल्यावर रविवारी या घरात दुसरं काही शिजत नसे. बाहेर समुद्रावरचा वारा बार्लीच्या हिरव्या शेतावरून घराला येऊन धडकत होता आणि स्वयंपाकघराची खिडकी थरथरत होती. पुढच्या शनिवारी कर्ल्यू पॉइंट फुटबॉल क्लबला शंभर वर्षं पुरी होणार होती. रसेल क्लबचा अध्यक्ष. वडिलांच्या मागे क्लबचं दप्तर, म्हणजे कोण किती सामने खेळला नि कोणी किती गोल मारले ते सगळं, रॉझलिनकडे आलेलं. मानाचे फलक भिंतीवरून उतरवून ठेवले होते आणि उद्या पेंटर येऊन सोनेरी अक्षरं नव्यानं भरणार होता.

आणि आज दुपारी चहाला क्लेम येणार होता. हेडलीचा धाकटा भाऊ. त्रेचाळीस वर्षांपूर्वी घर सोडून पश्चिम किनाऱ्यावर कालवं काढायला गेलेला. भावाच्या अंत्यविधीलाही जो चॅपेलच्या शेवटच्या बाकामागे उभा राहिला आणि कोणाशी न बोलता निघून गेला, तो.

"फोन तुलाच का केला त्यानं?" रसेलनं मांस कापता कापता बहिणीला विचारलं. "अध्यक्ष मी आहे."

रॉझलिननं पुन्हा सगळं सांगितलं. गुरुवारी क्लेमकाकाचा फोन आला. माझे एकूण सामने किती, एवढंच त्यानं विचारलं. तिनं सांगितलं, एकशे एकोणपन्नास. तो म्हणाला, पुन्हा मोज. तिनं पुन्हा मोजले, मग शुक्रवारी आणखी एकदा. तेवढेच भरले. दीडशे झाले असते तर त्याचं नाव आजीव सभासदांच्या फलकावर गेलं असतं. एका सामन्यानं राहिलं. गावात ही गोष्ट थट्टेची झाली होती; शर्यतीत थोडक्यात हुकलेल्या घोड्यालासुद्धा हॉटेलच्या बारमध्ये 'क्लेम' म्हणायचे.

"सामन्यांसाठी नाही येत तो," रसेल म्हणाला. "किनाऱ्याकडच्या शेतातल्या वाट्यासाठी येतोय. कंपनीचा माणूस घरं बांधायची म्हणून ती जागा बघून गेला, आणि त्याच महिन्यात काकाला आपले सामने आठवले. बरं आहे की नाही?"

ग्लेनिस, त्याची बायको, बटाटे वाढत होती. लग्न होऊन वीस वर्षं झाली तरी या घरात आपण पाहुणीच आहोत असं तिला वाटे, आणि पाहुण्याला जसं सगळं दिसतं तसं तिला दिसे. ईस्टरला रॉझलिन मासे धरायला म्हणून पश्चिमेकडे गेली होती, ते तिला आठवलं. तिनं अगदी सहज विचारलं, तिकडे क्लेमची गाठ पडली होती का.

रॉझलिनचा काटा बशीवर थांबला.

"पडली होती. एक कप चहा घेतला त्याच्याकडे."

"आणि आम्हाला सांगितलं नाहीस," रसेल म्हणाला.

"सांगितलं असतं तर असंच जेवण झालं असतं, ईस्टरलाच."

रसेल हसला नाही. चहाच्या कपात शेताची वाटणी झाली असेल तर तेही आत्ताच सांगून टाक, म्हणाला. रॉझलिन चिडली. मी त्याच्याकडे बाबांच्या लहानपणाच्या गोष्टी ऐकायला गेले होते, आणि त्यानं एकही सांगितली नाही, असं ती म्हणाली. दर वेळी तो विषय बदलून कालवांवर यायचा. खरं तर तिलाच ते खटकलं होतं. पण भावासमोर ते कबूल करणं म्हणजे त्याच्या हाती काठी देणं.

आई हे सगळं ऐकत होती की नव्हती, कळत नव्हतं. रश्शाचं भांडं काठोकाठ भरलेलं असताना ती रस्सा आणायला उठली, आणि रिकाम्या हातांनी परत आली.

ते तिघांनीही पाहिलं.

*

क्लेम मागच्या दारानं आला. पुढचं दार या घरात फक्त पाद्री आणि विमा एजंट वापरायचे, हे तो विसरला नव्हता. बुटका, उन्हानं चामडं झालेला, हातात टोपी. ओल्या गोणपाटात कालवं आणली होती. ती त्यानं उनाच्या हातात दिली नाही, मोरीत ठेवली.

"बरी आहेस, उना?"

"आहे. बस."

दोघांचं बोलणं तेवढंच. ग्लेनिसला ते फार थोडं वाटलं. इतक्या वर्षांनी भेटलेली माणसं एक तर जास्त बोलतात, नाही तर आधी बोललेली असतात.

चहा झाला, केक कापला, पावसाचं आणि बार्लीच्या भावाचं बोलून झालं. रसेल वाट बघत होता की हा शेताचा विषय कधी काढतो. क्लेमची नजर मात्र शेकोटीवरच्या फोटोकडे पुन्हा पुन्हा जात होती. तो फोटो पेनबर्थींच्या घरात येशूच्या तसबिरीइतकाच जुना. मिलर्स फ्लॅटविरुद्धचा सामना. पाठमोरा सात नंबर, म्हणजे हेडलीची जर्सी, चेंडू नुकताच सुटलेला, डावा पाय डोक्याच्या वर. त्या दिवशी शहरातल्या मोठ्या क्लबचा माणूस खास हेडलीला बघायला आला होता, आणि हेडलीनं नऊ गोल मारले होते. त्याच मोसमात त्याचे एकशे चार झाले. लांबट चेंडूच्या इथल्या फुटबॉलमध्ये गोल भरपूर होतात, तरी क्लबच्या शंभर वर्षांत एका मोसमात शंभरी गाठणारा दुसरा कोणी नाही. शंभरावा गोल झाला तेव्हा सारं गाव कुंपण ओलांडून मैदानात धावलं होतं. रसेल आणि रॉझलिन ही गोष्ट ऐकतच मोठे झाले.

"हेडलीनं तुम्हाला काही सांगितलं नाही?" क्लेमनं विचारलं. प्रश्न मुलांना होता, पण तो बघत होता उनाकडे.

"कशाबद्दल?" रसेल म्हणाला.

क्लेमनं टोपी गुडघ्यावर ठेवली. तो हळूहळू बोलला. हेडली दवाखान्यात होता तेव्हा मी येऊन गेलो होतो, म्हणाला. सकाळच्या वेळी, तुम्ही कोणी नव्हतात. मी उठलो तेव्हा हेडलीनं माझं मनगट धरलं. फलक नवे होतील तेव्हा ते दुरुस्त करायचं, मी उनाला सांगून ठेवलंय, म्हणाला. मी दोन वर्षं वाट पाहिली. मग रॉझलिनला फोन केला. एकशे एकोणपन्नास ऐकल्यावर कळलं की इथे कोणी काही बोललेलं नाही.

"काय दुरुस्त करायचं?"

"तो मी आहे," क्लेम म्हणाला, आणि टोपीनंच फोटोकडे खूण केली.

खिडकी थरथरली. रसेल बोलला तेव्हा त्याचा आवाज समितीच्या बैठकीतला होता. बाबा गेले. त्या संघातली बहुतेक माणसं गेली. आता कोणीही यावं आणि मेलेल्या माणसाच्या अंगातली जर्सी काढून घ्यावी, हे फार सोयीचं आहे. सामना हवा, मग गोल हवेत, मग पुढे काय, शेत?

"गोल ठेवा तुम्ही. शेत तर मी तेव्हाच सोडलं. मला माझा सामना हवा. मी सदुसष्ट वर्षांचा आहे, रसेल. त्या फलकाखाली माझ्या नातवांना घेऊन उभं राहायचंय मला."

"एक सामना दोघांच्या नावावर नसतो."

"नसतो," रॉझलिन हळूच म्हणाली. काकाचा दीडशेवा सामना धरायचा तर त्यातले नऊ गोल बाबांकडे राहत नाहीत. एकशे चारातून नऊ गेले की पंचाण्णव. शंभरी राहत नाही. दप्तर तिच्या हातात होतं आणि उद्या सकाळी दहाला पेंटर येणार होता.

तिनं फोटो खाली उतरवला आणि टेबलावर ठेवला. डावा पाय. बाबा उजव्या पायाचे. मागच्या अंगणात हजार वेळा तिनं त्यांना चेंडू मारताना पाहिलं होतं, आणि एकदाही डाव्यानं नाही. फोटोचं काय, असं लहानपणी विचारलं की घरात एकच उत्तर असायचं: तुझा बाप दोन्ही पायांनी मारायचा. बाहेरच्या कुठल्याही घरात हे खपलं असतं. इथे प्रत्येक माणसाचा पाय त्याच्या डोळ्यांच्या रंगासारखा लोकांना ठाऊक असतो. मग चाळीस वर्षं आपण हे कसं मानलं, याचंच तिला नवल वाटलं. देवघरातल्या वस्तूकडे कोण निरखून बघतं?

"तू पाहिलंयस त्यांना डाव्यानं मारताना?" तिनं भावाला विचारलं.

"न पाहायला काय झालं? मी काय आहे? मी डाव्या पायाचा आहे ना? मग तो मला कुठून आला, बाबांकडून नाही तर? या घरात दुसरं कोण होतं डावं?"

तो जिंकल्यासारखा बोलला. आणि त्याचं वाक्य पुरं होईपर्यंत खोलीत ते सगळ्यांना ऐकू गेलं होतं.

क्लेम टोपीच्या काठाकडे बघत राहिला. ग्लेनिसनं कप बशीत ठेवला, तो आवाज न करता. तिला बोटांवर मोजावं लागलं नाही. सासरची ही सगळी माहिती तिला पाठ होती. ते नऊ गोल पाहून शहरातल्या क्लबनं हेडलीला बोलावलं. पुढच्या मोसमात, शहरात घर मिळेपर्यंत, नवी नवरी उना इथेच राहिली, सासूजवळ. घरात क्लेमही होता. ऑगस्टअखेर हेडली मोडका गुडघा घेऊन कायमचा परत आला. मोसम संपताच क्लेम घर सोडून गेला. रसेलचा जन्म पुढच्या एप्रिलातला, ऑगस्टअखेरपासून जेमतेम आठ महिन्यांनी.

रॉझलिननं वहिनीकडे पाहिलं आणि तिच्या चेहऱ्यावर ते गणित वाचलं. मगाशी जिचा राग आला होता, तिचा हात तिनं टेबलाखाली दाबला: बोलू नकोस. ग्लेनिस बोलली नाही. रसेलसाठी नव्हे, स्वतःसाठी. ते वाक्य एकदा सुटलं तर परत घेता येणार नाही, एवढं तिला कळत होतं. तिनं दुसराच प्रश्न विचारला, आणि तो बरा वाटावा म्हणून क्लेमकडे पाहून हसली.

"पण तुम्ही का घातलीत ती जर्सी? तो माणूस तुम्हालाही बघू शकला असता."

क्लेमनं उत्तर द्यायला तोंड उघडलं, तेव्हा उनाच बोलली.

"मी नेऊन दिली. मी सांगितलं म्हणून."

तिनं ते चॅपेलमध्ये वचन वाचावं तशा आवाजात सांगितलं, ना वर ना खाली. आदल्या दिवशी हेडलीचा गुडघा भोपळ्यासारखा सुजला होता. शहरातला माणूस निघालाही होता. दोघे भाऊ अंगानं सारखे, त्या माणसानं दोघांनाही कधी पाहिलेलं नव्हतं, आणि कपडे बदलायच्या खोलीतली पोरं आपलीच. तिला या वाऱ्यातून, या धुळीतून सुटायचं होतं. हेडली शहरात गेला तर ती जाणार होती. जर्सी घेऊन ती क्लेमकडे गेली. सामनाभर हेडली पाइनच्या झाडांमागे गाडीत टोपी डोळ्यांवर ओढून बसला होता. पुढे हेडलीच्या शंभराव्या गोलाला गाव मैदानात धावलं तेव्हा तीही धावली. तो शंभरावा नाही हे ठाऊक असताना.

"तो रडत होता," क्लेम म्हणाला. "हेडली. मी त्याला कधी रडताना पाहिलं नव्हतं. म्हणून घातली. उनानं नसतं सांगितलं तरी घातली असती."

त्यानं हे सांगताना उनाकडे पाहिलं नाही. मुद्दाम पाहिलं नाही, असं ग्लेनिसला वाटलं. साधं पाहिलं नाही, असं रॉझलिनला वाटलं.

"आणि बाबांनी सांगितलं होतं? दवाखान्यात? दुरुस्त कर म्हणून?" रसेलनं आईला विचारलं.

"हो."

"आणि तू दोन वर्षं..."

"हो," उना म्हणाली. "मुलांच्या घरात बाप उभा राहावा एवढंच वाटलं. रोज देवाकडे एक दिवस मागून घेत होते."

क्लेम उठला. कालवं आजच खा म्हणाला, आणि आला तसा मागच्या दारानं गेला. शेताचा विषय त्यानं काढला नाही. रसेलला तो काढलेला फार हवा होता. मग सगळं किती सोपं झालं असतं.

*

सोमवारी सकाळी आईला क्लबवर न्यायला रसेल स्वतः आला. गाडीत कुत्र्याचा आणि डिझेलचा वास होता. रस्त्याच्या कडेला आंबुशीची पिवळी फुलं शेतापर्यंत पसरली होती. कोपऱ्यावरचा सायलो, धान्याची ती उंच टाकी, मागे पडला.

"तू हेडलीचाच आहेस," उना म्हणाली.

"मी विचारलं नाही."

"कालपासून विचारतोयस. केकसुद्धा तसाच खाल्लास."

रसेलनं गाडी हळू केली. ती समोर बघतच बोलत होती. हेडली ऑगस्टअखेर आला हे गावासाठी. खरं म्हणजे तो जुलैतच आला होता. गुडघ्यानं दगा दिला, शहरातल्या क्लबनं मोसमाच्या मध्येच नारळ दिला, आणि तो रातोरात बसनं परतला. गावात तोंड दाखवायची लाज. मेंढ्या कातरायच्या शेडमागे कामगारांच्या खोल्या होत्या, त्यातल्या एकीत राहिला कितीतरी दिवस. ती जेवण घेऊन जायची. तिला आणि सासूला ठाऊक होतं, आणि कोणालाही नाही. क्लेमलाही नाही.

"आजी गेली," रसेल म्हणाला.

"हो."

"बाबा गेले."

"हो. माझ्या शब्दाशिवाय तुला देण्यासारखं माझ्याकडे काही नाही रे."

त्यानं मान हलवली. पटलं म्हणून की ऐकलं म्हणून, ते तिला कळलं नाही. आणि त्यालाही. चव्वेचाळीस वर्षं या बाईनं एक गोष्ट पोटात ठेवली, आणि तोंडावरची सुरकुती हलू दिली नाही. तिचा शब्द घ्यायचा तर कोणता? कालचा खोटा आणि आजचा खरा, असं निवडून घेता येईल का? बापाची शंभरी राखायची तर आई काल खोटं बोलली असं म्हणावं लागेल. मग शेडमागची खोली तरी खरी कशी?

क्लबच्या हॉलमध्ये शनिवारच्या बिअरचा आणि मालिशच्या तेलाचा वास कोंडला होता. फलक लांब टेबलावर निजवलेले. पेंटर गुडघे मोडून सोनेरी रंग ढवळत होता. रॉझलिन आधीच आली होती. आजीव सभासदांच्या फलकावर, शेवटच्या नावाखाली तिनं पेन्सिलीनं एक फिकट रेघ मारून जागा धरली होती. नाव लिहिलं नव्हतं. तिनं भावाकडे पाहिलं आणि काही विचारलं नाही. सांगायचा हक्क आपला नाही, असं तिनं रात्रीच ठरवलं होतं; आपल्या पायाबद्दल, आपल्या बापाबद्दल कोणाला शंका नव्हती.

"हा एक सोपा," पेंटर दुसऱ्या फलकावर बोट ठेवून म्हणाला. "एच. पेनबर्थी, एकशे चार. अक्षरं शाबूत आहेत. नुसता हात फिरवतो. आकडा तोच ना, अध्यक्ष?"

रसेलनं आईकडे पाहिलं. ती फलकाकडे बघत नव्हती. दाराजवळ कोट घालूनच उभी होती, हात पर्सवर, निकाल ऐकायला आलेल्या माणसासारखी.

"पंचाण्णव," रसेल म्हणाला.

पेंटरला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. हा तर शंभरीचा फलक आहे, पंचाण्णव इथे बसणार नाही, म्हणाला. मग अख्खी ओळच जाईल, वर नुसतं शीर्षक राहील.

"जाऊ दे. आणि त्या दुसऱ्यावर लिहा, सी. पेनबर्थी."

"खरवडावं लागेल."

"खरवडा."

पेंटरनं पातं काढलं. पहिल्या ओरखड्याला सोनं कुरकुरत निघालं आणि खालचं जुनं लाकूड पांढरंफटक दिसलं. रॉझलिननं पेन्सिल उचलली. रसेलनं भिंतीजवळची एक खुर्ची ओढून आईला बसवलं आणि तिच्या मागे उभा राहिला. हात त्यानं ठेवला तो खुर्चीच्या पाठीवर, तिच्या खांद्यावर नाही.